करमणूक आणि नगर-पुनर्रचना : ओक्लाहोमा सिटीचा अनुभव

प्रत्येक शहराला एक मध्यभाग असतो. पेढ्या, कचेऱ्या, मोठी दुकाने, नाट्यगृहे आणि चित्रपटगृहे तेथे एकवटलेली असतात. उपनगरात राहणारा मनुष्य ‘जरा गावात जाऊन येतो’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या मनात हाच भाग असतो. हा भाग ओस पडला तर शहराची लोकसंख्या घटतेच असे नाही. परंतु शहराची ओळख पुसट होते, आणि त्याच्या तिजोरीत येणारा करही कमी होतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील असंख्य शहरांवर ही वेळ आली. मोटारगाडी घरोघरी पोहोचली, रुंद महामार्ग झाले, मध्यमवर्गीय कुटुंबे शहराबाहेरच्या मोकळ्या जागेत राहावयास गेली आणि त्यांच्यामागोमाग दुकानेही गेली. मध्यभागात उरले ते दिवसा कचेऱ्यांत येणारे लोक. संध्याकाळी पाच वाजल्यानंतर तेथे शुकशुकाट होऊ लागला. न्यूयॉर्क किंवा शिकागोसारख्या महानगरांना त्यांच्या आकारानेच पुष्कळसे तारले. मध्यम आकाराच्या शहरांची अवस्था मात्र बिकट झाली, कारण तेथे भांडवल आपण होऊन येत नाही. त्याला बोलावावे लागते.

हे बोलावणे कसे करावे? करमणुकीची साधने उभारावीत, म्हणजे लोक येतील, लोकांमागे दुकाने येतील आणि दुकानांमागे कर येईल, असे एक उत्तर पुष्कळ शहरांनी दिले. त्यावर आक्षेपही तितकाच स्पष्ट आहे. ज्या शहरात शाळांची छपरे गळतात, त्याने खेळांच्या मैदानांवर व नाट्यगृहांवर सार्वजनिक पैसा का खर्च करावा? या प्रश्नाचे उत्तर केवळ तर्काने देता येणार नाही. एखाद्या शहराचा दीर्घकाळचा अनुभव तपासावा लागेल. या दृष्टीने ओक्लाहोमा सिटीचे उदाहरण विशेष उपयुक्त आहे. कारण या एकाच शहराने मध्यभागाच्या पुनर्रचनेचे दोन भिन्न मार्ग एकामागून एक अवलंबिले, आणि दोहोंचे परिणाम आज आपल्यासमोर आहेत.

शहराची पार्श्वभूमी

अमेरिकेच्या मध्यावरील सपाट गवताळ प्रदेशात वसलेले हे शहर अक्षरशः एका दिवसात जन्मास आले. मूळ अमेरिकन जमातींकडून घेतलेला एक विस्तीर्ण प्रदेश २२ एप्रिल १८८९ रोजी दुपारी बारा वाजता वसाहतीसाठी खुला करण्यात आला. सीमेवर थांबलेले लोक घोड्यांवरून, गाड्यांतून आणि आगगाडीने आत धावले, आणि संध्याकाळपर्यंत रेल्वे स्थानकाभोवती सुमारे दहा हजार माणसांचे तंबूंचे गाव उभे राहिले. १९१० साली हे शहर ओक्लाहोमा राज्याची राजधानी झाले. १९२८ च्या डिसेंबरात शहराच्या हद्दीतच खनिज तेल सापडले. तेलाच्या पैशावर मध्यभागात उंच इमारती उठल्या. १९२१ साली क्रायटेरियन हे भव्य नाट्य-चित्रपटगृह उघडले, तर १९३२ साली बिल्टमोर हे मोठे हॉटेल.

या वैभवात सर्वांना सारखा वाटा नव्हता. वर्णभेदाच्या कायद्यांमुळे कृष्णवर्णीय नागरिकांना मध्यभागाच्या ईशान्येस एका मर्यादित पट्ट्यात राहावे लागे. तेथील दुसऱ्या रस्त्यावर त्यांनी स्वतःची बाजारपेठ व करमणुकीची दुनिया उभी केली. ‘डीप ड्यूस’ या नावाने ती ओळखली जाई. जाझ संगीतातील थोर गिटारवादक चार्ली ख्रिश्चन याच परिसरात वाढला, आणि पुढे ‘इन्व्हिजिबल मॅन’ ही कादंबरी लिहिणारे राल्फ एलिसन यांचे बालपणही याच शहरात गेले. मध्यभागातील उपाहारगृहांत मात्र या लोकांना बसून खाता येत नसे. १९ ऑगस्ट १९५८ रोजी क्लारा लूपर या शिक्षिकेने तेरा मुलांना बरोबर घेऊन मध्यभागातील एका औषधांच्या दुकानातील खाद्यविभागात ठाण मांडले आणि शांतपणे सेवेची मागणी केली. मध्यभाग कोणाचा, हा प्रश्न पुनर्रचनेच्या कितीतरी आधी असा उपस्थित झाला होता. पुढील विवेचनात तो पुन्हा आपल्यासमोर येईल.

पाडापाडीचे पर्व

१९६० च्या सुमारास शहराने आजूबाजूचा प्रदेश मोठ्या प्रमाणावर आपल्या हद्दीत घेतला. आज या शहराचे क्षेत्रफळ सुमारे ६२० चौरस मैल, म्हणजे १,६०० चौरस किलोमीटर आहे. बृहन्मुंबईच्या अडीच पटींहून ते मोठे, पण २०२० च्या जनगणनेनुसार त्यात राहणारे लोक अवघे ६,८१,०५४. इतक्या विरळ शहरात मोटारीवाचून हालचाल अशक्य होती. बाहेरच्या भागात मोटारी उभ्या करण्यास ऐसपैस जागा असलेली बाजारसंकुले निघाली आणि मध्यभागातील दुकाने एकेक करून बंद पडू लागली.

यावर उपाय म्हणून शहराने प्रख्यात वास्तुकार आय. एम. पेई यांच्याकडून एक आराखडा करून घेतला. १९६४ चा हा ‘पेई आराखडा’ भव्य होता. शहराच्या शताब्दीला, म्हणजे १९८९ साली, मध्यभाग कसा दिसेल याची एक मोठी प्रतिकृतीच बनविण्यात आली होती. जुन्या इमारती काढून तेथे रुंद रस्ते, परिषदगृह, उद्यान आणि एक विशाल बाजारसंकुल उभारावयाचे, म्हणजे उपनगरांत जे लोकांना आवडते तेच मध्यभागात आणावयाचे, असा त्यामागील विचार होता.

आराखड्यातील पाडण्याचा भाग तत्परतेने पार पडला. शेकडो इमारती जमीनदोस्त झाल्या. क्रायटेरियन १९७३ साली पाडले गेले. बिल्टमोर १९७७ साली सुरुंग लावून काही क्षणांत खाली आणण्यात आले. बांधण्याचा भाग मात्र अर्धवट राहिला. ‘मिरियड’ हे परिषदगृह १९७२ मध्ये सुरू झाले; बिल्टमोरच्या जागेसह आखलेले वनस्पती-उद्यान पुष्कळ उशिराने, १९८८ मध्ये, लोकांसाठी उघडले. ज्या बाजारसंकुलासाठी रस्तेच्या रस्ते मोकळे केले गेले ते कधीच झाले नाही. त्याच्यासाठी बांधलेले मोटारींचे तळ तेवढे उभे राहिले.

हे असे का झाले? एक कारण आर्थिक होते. १९७० नंतर तेलाचे भाव चढले तेव्हा सर्वांना सर्व काही शक्य वाटत होते. परंतु ५ जुलै १९८२ रोजी शहरातील पेन स्क्वेअर बँक बुडाली. तेल-कंपन्यांना दिलेली बेसुमार कर्जे हे त्याचे कारण होते, आणि त्याचा धक्का शिकागोच्या बड्या बँकांपर्यंत पोहोचला. १९८६ मध्ये तेलाचे भाव कोसळले आणि इमारती बांधू पाहणारे भांडवलच नाहीसे झाले. दुसरे कारण आराखड्यातच होते. आधी पाडावे आणि मग कोणीतरी येऊन बांधील याची वाट पाहावी, असा हा क्रम होता. जुनी इमारत रिकामी असली तरी तिच्यात कमी भाड्याने एखादे लहान दुकान, एखादी खाणावळ निघू शकते; रिकाम्या भूखंडावर फक्त मोठा भांडवलदारच काही करू शकतो. पाडापाडीने शहराने लहान माणसाची संधी घालविली आणि मोठ्या माणसाची वाट पाहत ते बसून राहिले.

एक नकार आणि त्याचा अर्थ

१९९१ साली युनायटेड एअरलाइन्स या विमान-कंपनीने विमानांच्या देखभालीचे एक प्रचंड केंद्र उभारण्याचे ठरविले. हजारो नोकऱ्या मिळणार म्हणून अनेक शहरे स्पर्धेत उतरली. ओक्लाहोमा सिटीच्या मतदारांनी या केंद्रासाठी स्वतःवर जादा कर बसवून घेण्यासही संमती दिली. तरीही कंपनीने इंडियानापोलिसची निवड केली.

तेव्हाचे महापौर रॉन नॉरिक यांनी या नकाराची हकीकत पुढे अनेकदा सांगितली आहे. आर्थिक सवलतींत त्यांचे शहर कमी पडले नव्हते. आपले कर्मचारी या शहरात राहावयास राजी होतील असे कंपनीला वाटले नव्हते. नॉरिक स्वतः इंडियानापोलिसला जाऊन आले. तेथील मध्यभागात संध्याकाळीही माणसे होती. ती पाहिल्यावर दोन शहरांतील फरक त्यांच्या ध्यानात आला. कारखाना आणावयाचा तर आधी शहर राहण्याजोगे करावे लागेल, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

या कथेचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. २००३ साली, दिवाळखोरीत निघालेल्या त्याच कंपनीने इंडियानापोलिसचे ते केंद्र सोडून दिले. एखाद्या कंपनीसाठी खर्चिलेला पैसा कंपनीबरोबर निघून जाऊ शकतो. ग्रंथालय, नाट्यगृह किंवा नदीकाठ शहरातच राहतो. ओक्लाहोमा सिटीने १९९३ मध्ये हा दुसरा मार्ग पत्करला.

एका सेंटची योजना

ओक्लाहोमा राज्यातील नगरपालिकांचा दैनंदिन कारभार मुख्यतः विक्रीकरावर चालतो. नॉरिक यांनी असे सुचविले की, पाच वर्षांसाठी प्रत्येक डॉलरच्या खरेदीवर एक सेंट जादा कर घ्यावा आणि त्यातून नऊ कामे करावीत. बेसबॉलचे मैदान, गोदामांच्या वस्तीतून जाणारा कालवा, बंदिस्त क्रीडागृह, नवे ग्रंथालय, १९३७ च्या जुन्या सभागृहाची संगीत-नाट्यगृह म्हणून पुनर्रचना, परिषदगृहाची दुरुस्ती, जत्रेच्या मैदानाची सुधारणा, मध्यभागातील वाहतुकीची सोय आणि नदीत बारमाही पाणी, अशी ती कामे होती. योजनेला ‘मॅप्स’ असे संक्षिप्त नाव मिळाले.

या योजनेची तीन वैशिष्ट्ये ध्यानात घेण्याजोगी आहेत.

पहिले, सर्व नऊ कामे एकाच मतपत्रिकेवर होती. ज्याला मैदान हवे होते त्याला ग्रंथालयालाही मत द्यावे लागले, आणि ज्याला नाट्यगृह हवे होते त्याला मैदानही स्वीकारावे लागले. निरनिराळ्या आवडीच्या लोकांची यामुळे एक जूट झाली. तरीदेखील १४ डिसेंबर १९९३ च्या मतदानात योजनेला केवळ ५४ टक्क्यांच्या आसपास मते पडली. शहर एकमताने यात उतरले होते, ही समजूत नंतरच्या यशातून निर्माण झालेली आहे.

दुसरे, कर्ज काढावयाचे नाही असे ठरले. कर जमा होईल तसतशी कामे रोख पैशाने करावयाची. त्यामुळे आरंभी वर्षानुवर्षे काहीच दिसले नाही आणि लोक कुरकुरू लागले. पण व्याजाचा बोजा पुढील पिढीवर पडला नाही. उलट, जमा रकमेवरच व्याज मिळाले. करापोटी सुमारे ३० कोटी ९० लाख डॉलर आणि व्याजापोटी सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर जमले.

तिसरे, कराला शेवट होता, आणि खर्चावर नजर ठेवण्यासाठी २१ सदस्यांचे एक नागरिक-मंडळ होते. पैसा अपुरा पडला तेव्हा प्रशासनाने परस्पर मुदत वाढविली नाही. १९९८ च्या डिसेंबरात पुन्हा मतदान घेऊन सहा महिन्यांची वाढ मागितली, लोकांनी ती दिली, आणि १ जुलै १९९९ पासून कर बंद झाला. दिलेला शब्द पाळला गेला, हीच पुढील सर्व योजनांची खरी पुंजी ठरली.

याच काळात शहरावर एक भीषण आघात झाला. १९ एप्रिल १९९५ रोजी मध्यभागातील एका केंद्र सरकारी इमारतीसमोर घडविण्यात आलेल्या स्फोटात १९ मुलांसह १६८ माणसे ठार झाली व आसपासच्या शेकडो इमारतींची हानी झाली. पाच वर्षांनी त्याच जागी स्मारक झाले. तेथे १६८ रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या आहेत. मध्यभागाची पुनर्रचना हा आता केवळ व्यापाराचा विषय राहिला नव्हता. मैदाने आणि कालवे यांच्या या वृत्तांतात त्या खुर्च्यांचे स्थान विसरता कामा नये, कारण शोकासाठी एकत्र येण्याची जागा हेही शहराच्या मध्यभागाचे एक कार्य आहे.

नव्या करमणुकीची रचना

रेल्वेमार्गाच्या पूर्वेस लाल विटांच्या जुन्या गोदामांची एक वस्ती पाडापाडीतून वाचली होती. तिला ‘ब्रिकटाउन’ म्हणतात. नव्या योजनेचा केंद्रबिंदू हीच वस्ती झाली. १९९८ च्या एप्रिलमध्ये येथे बेसबॉलचे मैदान सुरू झाले आणि १९९९ च्या जुलैमध्ये सुमारे एक मैल लांबीचा कालवा पाण्याने भरला. येथील एक रस्ताच खणून काढून हा कालवा केलेला आहे. पाण्याची पातळी रस्त्याच्या खाली असल्यामुळे गोदामांची तळघरे एकाएकी दर्शनी बाजूस आली. पूर्वी ज्यांत माल ठेवीत, त्या तळघरांत उपाहारगृहे निघाली. एकाच इमारतीला वर रस्त्याचे आणि खाली पाण्याचे, अशी दोन दारे मिळाली. पाण्यातून हौशी प्रवाशांच्या होड्या फिरू लागल्या. पाडण्यापेक्षा राखलेल्या इमारतीतून किती निष्पन्न होऊ शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

नाट्यगृह २००१ मध्ये पुन्हा उघडले. २००२ मध्ये सुमारे ८ कोटी ९० लाख डॉलर खर्चून बांधलेले बंदिस्त क्रीडागृह सुरू झाले आणि २००४ मध्ये नवे ग्रंथालय. नदीची कथा तर मजेदार आहे. पुराच्या भीतीने ती पूर्वी सरळ व खोल करण्यात आली होती. परिणामी एरवी ती इतकी कोरडी असे की, नगरपालिकेला नदीतले गवत कापावे लागते अशी थट्टा होई. तीन लहान बंधारे घालून सुमारे सात मैलांपर्यंत पाणी अडविण्यात आले आणि तेथे नौकाचालनाचे सामने होऊ लागले. पुढे कृत्रिम खळाळाचे एक केंद्रही २०१६ मध्ये झाले. लॉस एंजेलिस येथील २०२८ च्या ऑलिंपिकमधील खळाळत्या पाण्यातील होड्यांच्या शर्यती या शहरात घ्यावयाचे ठरले आहे.

कधी कधी दैवयोगही कामी आला. २००५ साली कॅटरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स उद्ध्वस्त केले तेव्हा तेथील व्यावसायिक बास्केटबॉल संघाला तात्पुरते घर हवे होते. ओक्लाहोमा सिटीजवळ रिकामे क्रीडागृह तयार होते. प्रेक्षकांचा प्रतिसाद एवढा होता की, २००८ मध्ये सिएटलचा संघ कायमचा येथे आणण्यात आला, आणि २०२५ मध्ये त्याने राष्ट्रीय अजिंक्यपदही मिळविले. तथापि दैवाचा लाभ तयारी असणाऱ्यालाच होतो, आणि एका शहराने मिळविलेला संघ दुसऱ्या शहराने गमावलेला असतो, या दोन्ही गोष्टी वाचकाने लक्षात ठेवाव्यात.

हिशेबाची दुसरी बाजू

मध्यभागात नवी हॉटेले, घरे आणि कचेऱ्या आल्या. १९८८ मध्ये बंद पडलेले स्कर्विन हे जुने हॉटेल २००७ मध्ये पुन्हा उघडले. हे सर्व करमणुकीच्या साधनांमुळेच झाले काय? येथे सावधपणे बोलणे इष्ट आहे. याच वर्षांत तेल व नैसर्गिक वायूचा व्यवसाय पुन्हा भरभराटीस आला होता, आणि तरुण पिढीला शहराच्या मध्यात राहणे आवडू लागले होते. इतर शहरांतही असेच घडत होते.

क्रीडागृहांवरील सार्वजनिक खर्च करांच्या रूपाने परत येतो, हा दावा बहुसंख्य अर्थशास्त्रज्ञांना मान्य नाही. त्यांचे कारण सोपे आहे. कुटुंबाने करमणुकीसाठी बाजूला ठेवलेली रक्कम बहुधा ठरलेली असते. जे कुटुंब सामन्याची तिकिटे काढते ते त्या महिन्यात चित्रपटाला किंवा कोपऱ्यावरच्या खाणावळीत जात नाही. खर्च वाढत नाही, त्याची जागा बदलते. बाहेरगावचा प्रेक्षक आला तरच शहराच्या उत्पन्नात खरी भर पडते. म्हणून अशा साधनांचे समर्थन करावयाचे तर ते नागरिकांच्या आनंदाच्या व एकत्र येण्याच्या दृष्टीने करावे. ती पैसा मिळवून देतात असे सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

दुसरा आक्षेप कराच्या स्वरूपाबद्दल आहे. विक्रीकर सर्वांना एकाच दराने पडतो. पण गरीब कुटुंबाचे जवळजवळ सर्व उत्पन्न खरेदीतच जात असल्यामुळे त्याला तो अधिक जड जातो. ओक्लाहोमा राज्याने किराणा मालावरील आपला कर २०२४ च्या ऑगस्टमध्ये रद्द केला, पण नगरपालिकांचा कर त्यावर चालूच राहिला. म्हणजे दूध-पाव विकत घेणारी विधवा क्रीडागृहाच्या बांधकामास हातभार लावते. तेथील तिकीट तिला परवडते की नाही हा निराळा प्रश्न.

तिसरा आक्षेप डीप ड्यूसच्या निमित्ताने घ्यावा लागतो. वर्णभेदाचे कायदे गेल्यावर तेथील पुष्कळ लोक इतरत्र राहावयास गेले. नगर-पुनर्निर्माणात आणि महामार्गाच्या बांधकामात परिसराची बरीचशी वस्ती उठली. पुढे ब्रिकटाउनला तेज आले तेव्हा लगतच्या या मोकळ्या जमिनीचे मोल वाढले आणि तेथे नवी, महाग घरे झाली. वस्तीचे नाव राहिले. ज्यांनी ते नाव मिळवून दिले त्यांची घरे व दुकाने बहुतांशी राहिली नाहीत. एकीकडे शहराने नव्या करमणुकीसाठी कोट्यवधी डॉलर खर्चिले आणि दुसरीकडे त्याचा सर्वांत अस्सल संगीताचा परिसर हातातून निसटला. ही हानी कोणत्याही जमाखर्चात दाखविलेली नसते.

करमणुकीकडून गरजांकडे

पहिल्या योजनेनंतर शहराने हीच पद्धत वारंवार वापरली. २००१ मध्ये मतदारांनी सात वर्षांचा कर शाळांसाठी मंजूर केला, आणि जुन्या शालेय इमारती दुरुस्त झाल्या किंवा नव्याने बांधल्या गेल्या. मैदानासाठी कर देणारे लोक शाळेसाठी देणार नाहीत, ही भीती खोटी ठरली. २००९ च्या ७७ कोटी ७० लाख डॉलरांच्या योजनेतून ७० एकरांचे ‘सिझरटेल’ उद्यान, ट्राम, नवे परिषदगृह आणि वृद्धांसाठी आरोग्य-केंद्रे झाली. १० डिसेंबर २०१९ रोजी मंजूर झालेल्या ९७ कोटी ८० लाख डॉलरांच्या चौथ्या योजनेत सोळा कामे होती. त्यांतील बराच मोठा वाटा वस्त्यांतील बागा, मानसिक आरोग्य, बेघरांसाठी निवारा यांसारख्या गरजांसाठी होता. क्लारा लूपर यांच्या नावाचे नागरी हक्क केंद्रही त्यात होते. १९५८ मध्ये ज्यांना मध्यभागात बसून खाता येत नव्हते, त्यांच्या लढ्याची आठवण ठेवण्यासाठी शहराने एकसष्ट वर्षांनी स्वतःवर कर बसविला. योजनेला सुमारे ७२ टक्के मते मिळाली. १९९३ च्या ५४ टक्क्यांशी याची तुलना केली म्हणजे पाळलेल्या शब्दाचे मूल्य कळते.

परंतु हा प्रवास सरळ रेषेत झालेला नाही. १२ डिसेंबर २०२३ रोजी मतदारांनी आणखी एका कराला संमती दिली. तो होता नव्या क्रीडागृहासाठी. त्याचा खर्च किमान ९० कोटी डॉलर, आणि त्यात संघाच्या मालकांचा वाटा ५ कोटी. २००२ चे क्रीडागृह उभारले गेले तेव्हा शहराजवळ गमावण्यासारखा संघ नव्हता. आता संघ जाऊ नये म्हणून किंमत मोजावी लागत होती. सुमारे ७१ टक्के लोकांनी ती खुशीने मोजली, कारण संघ त्यांच्या अभिमानाचा विषय झाला होता. तरीही मूळ योजनेत शहर स्वतःसाठी बांधीत होते आणि येथे एका व्यवसायाला राखण्यासाठी बांधीत आहे, हा भेद नजरेआड करता येत नाही. नव्या क्रीडागृहासाठी निवडलेली जागा जुन्या ‘मिरियड’ची आहे. पेई आराखड्यातून जे थोडेफार उभे राहिले होते, त्यातलीही एक वास्तू अशा रीतीने गेली.

उपसंहार

भारतीय वाचकाला या अनुभवाचे सरळ अनुकरण करता येणार नाही. आपल्या शहरांचे मध्यभाग ओस पडलेले नाहीत, ते गर्दीने गुदमरले आहेत. शिवाय जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर लागू झाल्यावर आपल्या नगरपालिकांना विक्रीवर स्वतःचा कर बसविण्यास वाव राहिलेला नाही, आणि विशिष्ट कामासाठी नागरिकांचे मत घेऊन कर लावण्याची प्रथाही आपल्याकडे नाही. तरीही जुना चौक, मंडई किंवा तलावाचा काठ ‘सुशोभित’ करण्याची योजना जेव्हा एखादे शहर आखते, तेव्हा काही प्रश्न विचारता येतात. पाडावयाचे काय आणि राखावयाचे काय, हे आधी ठरले आहे काय? पैसा कोणाच्या खिशातून, किती काळ येणार आहे, आणि काम संपल्यावर तो कर खरोखर थांबेल काय? खर्चावर नजर कोणाची आहे? आणि सगळे झाल्यावर तेथे पूर्वी राहणारा, पथारी मांडणारा, वाद्य वाजविणारा माणूस तेथे असेल काय?

ओक्लाहोमा सिटीने यांपैकी मधल्या दोन प्रश्नांची उत्तरे बऱ्याच अंशी चोख दिली, आणि म्हणूनच लोकांनी पुन्हा पुन्हा तिच्यावर विश्वास टाकला. पहिल्या प्रश्नाचे उत्तर तिला शेकडो इमारती गमावल्यावर सापडले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ती अद्याप शोधीत आहे. करमणूक ही चैन नव्हे. माणसांनी एकमेकांना पाहावे, भेटावे, एकत्र टाळ्या वाजवाव्यात, ही शहराची एक मूलभूत गरज आहे. त्या टाळ्या वाजविणाऱ्यांत ज्यांनी पैसा दिला ते सर्व असावेत, एवढीच तिची अट आहे.